संस्थांची खबर संस्थांना

दिवाळी सरून कार्तिकाचे दिवस लागले की गोमंतकात जत्रांचा आणि त्यांच्या जोडीने सभा-संमेलनांचा हंगाम सुरू होतो. पणजीत व्याख्यान, म्हापशात गाण्याची बैठक, फोंड्यात नाट्यप्रयोग, मडगावात पुस्तक-प्रकाशन. एवढ्याशा भूमीत इतके काही घडते याचा कोणासही अभिमान वाटावा. परंतु हे चारही कार्यक्रम पुष्कळदा एकाच शनिवारी, एकाच सायंकाळी ठेवलेले असतात आणि त्यांस जाणारा रसिकवर्ग बराचसा एकच असतो. पुढचे दोन शनिवार मात्र अगदी मोकळे! बाहेरगावच्या वक्त्यापुढे पंचवीस श्रोते पाहून मग कार्यवाह आभार मानताना ‘आज अन्यत्रही कार्यक्रम असल्यामुळे’ अशी सारवासारव करतात. तो अन्य कार्यक्रम त्यांनाही बहुधा त्याच दिवशी सकाळी वृत्तपत्रातील ‘आजचे कार्यक्रम’ या सदरातून कळलेला असतो.

वास्कोत दामोदर सप्ताहाच्या दिवशी दुसरा समारंभ योजण्याचे कोणाच्या मनातही येत नाही, कारण ती तिथी पंचांगात आहे. व्याख्यानाची तारीख पंचांगात नसते. ती कळवावीच लागते. आमची सूचना एवढीच आहे की, सभागृह मुक्रर होताच त्या संस्थेने तारीख, वेळ, स्थळ, विषय व पाहुणे एवढा तपशील इतर संस्थांस ई-मेलने धाडावा. निमंत्रणपत्रिका छापून व्हावयाची वाट पाहू नये. त्या वेळी तारीख बदलणे कोणाच्याच हाती राहत नाही.

ई-मेल ही काही नवलाईची वस्तू उरलेली नाही. संगणकांच्या जाळ्यावरून असा पहिला निरोप १९७१ साली अमेरिकेत रे टॉमलिन्सन यांनी धाडला, आणि आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ पासून इंटरनेट सामान्य ग्राहकाला मिळू लागले. आता तर प्रत्येक कार्यवाहाच्या खिशात ते आहे. मग व्हॉट्सॲप काय वाईट, असे कोणी विचारील. घाईच्या निरोपाला ते उत्तमच. पण सुप्रभाताच्या फुलांखाली आणि वाढदिवसाच्या शुभेच्छांखाली महिन्यानंतरच्या व्याख्यानाची सूचना दोन दिवसांत गाडली जाते. ई-मेल जागच्या जागी राहते, महिन्याने शोधली तरी सापडते आणि कोणी कधी कळवले याची नोंदही तिच्यात असते. मात्र मजकूर साध्या युनिकोड देवनागरीत असावा. रंगीत पत्रिकेचे चित्र तेवढे जोडून पाठवण्याची जी रीत पडली आहे, तिने वृत्तपत्राच्या कचेरीत सारा मजकूर पुन्हा जुळवावा लागतो आणि नेमकी वेळ किंवा तारीख चुकते. जुन्या फॉन्टांतील मजकूर तर दुसऱ्याच्या संगणकावर उघडताच अक्षरांची नुसती भेळ होते.

याचा आणखी एक लाभ आहे आणि तो थेट पैशाचा आहे. पुण्या-मुंबईहून एक वक्ता पणजीस आणावयाचा तर प्रवास, निवास व मानधन मिळून लहान संस्थेचे कंबरडे मोडते. तोच वक्ता दुसऱ्या दिवशी मडगावात बोलू शकतो. परतीच्या वाटेवर सावंतवाडीचे श्रीराम वाचन मंदिर आहे, चोर्ला घाट चढून गेल्यास बेळगावचे सार्वजनिक वाचनालय आहे. ही दोन्ही वाचनालये एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेली. अशा संस्थांस महिनाभर आधी खबर मिळाली तर खर्च वाटून घेता येईल. आज प्रत्येक जण त्याच माणसाला स्वतंत्रपणे बोलावतो, किंवा परवडत नाही म्हणून बोलावतच नाही.

हे न कळण्याइतके आमचे कार्यवाह भोळे नाहीत. अडचण मनाची आहे. आपला बेत आधी सांगितला तर दुसरा तो उचलील, आपला प्रेक्षक पळवील, देणगीदारास आधी गाठील, ही धास्ती असते. ती सर्वस्वी निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. पण असे किती बेत आजवर उचलले गेले आणि किती सभा रिकाम्या खुर्च्यांपुढे झाल्या, याचा हिशेब ज्याने त्याने मांडावा. दुसरी अडचण याहून खोल आहे. आपल्याकडील पुष्कळ सभागृहे ज्ञातिसंस्थांनी पदरमोड करून उभारली. त्यांत उत्तम व्याख्याने होतात, बैठका होतात, दरवाजाही कोणास बंद नसतो. मात्र निमंत्रण ज्ञातीच्याच यादीवर जाते, आणि न बोलावता दुसऱ्याच्या दारी जाणे गोमंतकीय माणसाच्या स्वभावात नाही. पलीकडच्या आळीत नाट्यसंगीताचा कार्यक्रम झाला हे मग आठ दिवसांनी छायाचित्रावरून समजते. संस्थेने संस्थेला रीतसर कळवले, तर त्या पत्राचेच निमंत्रण होते.

सालाझारच्या राजवटीत या भूमीत लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या संमतीवाचून छापता येत नसे. चार माणसे कोठे व कशासाठी जमणार हे सरकारला आधी कळलेच पाहिजे, असा तो दंडक होता. तो १९६१ साली संपला. तेव्हा जी खबर सक्तीने सरकारास द्यावी लागे, ती आज आपण खुषीने शेजारच्या मंडळासही देत नाही.

आरंभ कोणी करावा? सरकारी खात्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. ते पत्त्यांची यादी करील आणि यादीवरच थांबेल. एका तालुक्यातील पाच-सहा मंडळे व एखादे वाचनालय यांनी एकत्र बसावे, आणि त्या वाचनालयाने आठवड्यातून एकदा आलेल्या सूचना तारीखवार लावून सर्वांस व वृत्तपत्रांस पाठवाव्यात. कार्यक्रम रद्द झाला वा पुढे गेला तर तेही त्याच वाटेने कळवावे. यात आपण फार हयगय करतो. व्यक्तींचे पत्ते बीसीसीत घालावेत, म्हणजे कोणाचा पत्ता भलत्याच्या हाती पडत नाही. आणि पत्ता संस्थेच्या नावाचा असावा. कार्यवाहाच्या खाजगी पत्त्यावर साऱ्या खबरा जमतात, निवडणुकीत तो पडतो किंवा रुसतो, आणि नव्या कार्यवाहाला संस्थेचा पासवर्डदेखील ठाऊक नसतो.