चितळकरांचा कंठ

भिलाईच्या पोलाद कारखान्यात, जिथे १९५९ च्या फेब्रुवारीत पहिली झोतभट्टी पेटली, रात्रपाळी संपवून घरी परतल्यावर निद्रेची आराधना करण्याऐवजी मी जेव्हा १९५१ च्या ‘अलबेला’ चित्रपटाची गाणी लावतो, तेव्हा विनायकबुवा पटवर्धनांच्या तालमीत रागदारी शिकलेले पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, त्यातील नायक भगवानदादांसाठी स्वतःच्याच कंठाने गाताना इतके मोकळे कसे झाले असतील, या विचाराने मन प्रसन्न होते. त्या मोकळेपणाचा उगम १९३५ साली मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी यांच्या कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंदाने वाजविलेल्या जाझपर्यंत नेता येतो; ती विद्या आत्मसात करणाऱ्या गोमंतकीय वादकांपैकी ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट, ज्यांना लोक भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणत, याच चित्रपटात आपल्या संचासह पडद्यावरही दिसतात. एरवी अशा वादकांची नावे श्रेयनामावलीच्या दप्तरात क्वचितच दाखल होत, हा अन्याय मला आजही बोचतो. ट्रम्पेटचा तो तेजस्वी स्वर उमटला की खिडकीबाहेरचा भट्टीचा तांबूस उजेडही मला त्याच जातीचा वाटू लागतो.