सर्टिफिकेट एकच, पण कामाचे

भंडारा, तुमसर, पवनीच्या दुकानदार व कारागीर बांधवांची मुले आता पदवीधर होत आहेत. पहिली नोकरी लागेपर्यंत ती कॉम्प्युटरची सर्टिफिकेटे गोळा करतात. फी मात्र बापाच्या गल्ल्यातून जाते. गिऱ्हाईक न पाहता माल भरू नये, हे आपणांस सांगावयास नको. येथेही हिशोब तोच.

२००१ साली सुरू झालेली एमएस-सीआयटी सरकारी नोकरीच्या अर्जास उपयोगी पडते. सॉफ्टवेअरच्या नोकरीस ती पुरत नाही. नेटवर्किंगसाठी सिस्कोची सीसीएनए चांगली, पण तिची मुदत ३ वर्षांची. त्या कामात जायचे नक्की नसताना ती घेणे म्हणजे नाशवंत माल भरणे होय. प्रोग्रॅमिंगसाठी आयआयटींच्या एनपीटीईएलवर आधी फुकट शिकावे. सर्टिफिकेट हवे असेल तरच परीक्षेची फी भरावी.

आमचे मत असे : साठेक किलोमीटरवरील नागपुरात, मिहानमध्ये आयटी कंपन्या आहेत. त्यांच्या जाहिराती महिनाभर वाचाव्यात आणि वारंवार मागितले जाणारे एकच सर्टिफिकेट घ्यावे. सोबत मुलाने घरच्या दुकानाचा स्टॉक व उधारी सांभाळणारा प्रोग्रॅम स्वतः लिहावा. मुलाखतीत सर्टिफिकेटाच्या मागोमाग केलेले काम विचारले जाते. तेव्हा दाखवायला हे असेल.