गांडुळाचे खाते

आमच्या सोसायटीत गांडूळखताचा खड्डा बांधला, तो मालमत्ताकरातल्या सवलतीसाठी. सवलत मिळाली, खड्डा कोरडा पडला, गांडुळे मेली. बँकेत आयुष्य काढलेल्या मला याचे नवल वाटले नाही. कागदावर तारण भक्कम. जागेवर जाऊन पाहावे, तर काहीच नाही!

मग मी गॅलरीतच एक टब मांडला. तळाला भोके, त्यावर नारळाच्या शेंड्या, पालापाचोळा, जुने शेण आणि मूठभर गांडुळे. आयसेनिया फेटिडा ही त्यांची जात. ती जमिनीत खोल जात नाही, कुजणाऱ्या कचऱ्यातच रमते. ओल हवी, चिखल नको, सावली हवी, मीठ-तेलाचे खरकटे नको. दोन-तीन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखे काळसर खत हाती येते. त्याला दुर्गंधी नसते, पहिल्या पावसातल्या मातीचा वास असतो. डार्विनने १८८१ साली या जिवावर अख्खे पुस्तक लिहिले, ते उगीच नव्हे.

२०१६च्या नियमांनी ओला-सुका कचरा घरीच वेगळा करणे बंधनकारक केले. त्याआधी आणि नंतरही पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची-फुरसुंगीच्या माथी गेला. तिथल्या विहिरी नासल्या, माणसे रस्त्यावर उतरली. उचल आपण करायची आणि फेड शेजारच्या गावाने! असले कर्ज कोणत्या बँकेने मंजूर केले असते?

म्हणून माझे म्हणणे एवढेच : सवलत खड्डा बांधल्याबद्दल देऊ नका, दरवर्षी खत दाखवल्यावरच द्या. गांडुळाला खोटी नोंद करता येत नाही.