नौकेवरील पंख्याची मोटर

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो नौका मार्च 2020 मध्ये सुरू झाल्यापासून वातानुकूलित केबिन ही मुंबईच्या सामान्य उतारूच्याही परिचयाची वस्तू झाली आहे. आणि केबिन आली की तिच्या भिंतीआड खाऱ्या, दमट हवेत फिरणाऱ्या पंख्याच्या मोटरीची दुरुस्ती ओघानेच आपल्या व्यवसायाकडे येते. अशी मोटर बंद पडताच नवी बसविण्याची जी शिफारस आपल्यातील कित्येक कारागीर सर्रास करतात, ती आम्हांस मान्य नाही. ज्या गिरणगावात 1915 पासून खोपोलीच्या जलविद्युतेवर गिरण्यांच्या मोटरी फिरल्या, त्या परळ-लालबागच्या कारागिराने वाइंडिंगची विद्या सहजासहजी सोडून द्यावी, याचे आम्हांस मनस्वी दुःख होते.

पुष्कळदा दोष वाइंडिंगमध्ये नसतोच. मोटर नुसती गुणगुणत असेल आणि हाताने गती देताच फिरू लागत असेल, तर प्रथम कंडेन्सर बदलावा. शाफ्ट हातानेही जड फिरत असेल, तर बेअरिंग पाहावे. धक्क्यावरचा आणि जनित्राचा असे दोन्ही पुरवठे तोडून, कंडेन्सरमधील विद्युत्भार उतरवून, मग 500 व्होल्टचा मेगर लावावा. काटा एक मेगोहमच्या खाली थांबला म्हणजे वाइंडिंग जळालेच असे नव्हे. मिठाने ओल धरल्याचेही ते लक्षण असते, आणि गोड्या पाण्याने धुऊन, भट्टीत पूर्ण सुकवून, वार्निश दिल्यास अशी मोटर पुष्कळदा पूर्ववत चालते.

ती खरोखर जळाली असेल, तर मात्र नामपट्टी वाचल्यावाचून पुढे जाऊ नये. परदेशी नौकांवर 60 सायकलची यंत्रणा आढळते, आपला पुरवठा 50 चा. चार ध्रुवांच्या मोटरीची समकालिक गती त्यामुळे मिनिटाला 1800 फेऱ्यांवरून 1500 वर येते, हवा कमी पडून कॉइलवर बर्फ धरतो, आणि व्होल्ट तेवढेच राहिल्यास वाइंडिंगही तापते. लोहार चाळीत हाती लागेल ती मोटर आणून बसविणाऱ्यास हे उमगत नाही. ब्लोअर उलटा फिरला तरी त्यास वाटते, हवा येतेच आहे. सबब जुने वाइंडिंग कापण्यापूर्वी वेढे, तारेचा गेज, पिच व जोडणी यांची नोंद दफ्तरी करावी, आणि त्याबरहुकूम नवे भरावे.

पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यातील मोटरीस हा नियम आम्ही लावीत नाही. ती ठिणगीपासून सुरक्षित म्हणून प्रमाणित असावी लागते, आणि ते प्रमाणपत्र आपल्या कार्यशाळेत पुन्हा मिळत नाही. तेथे नवीच बसवावी.