तिरंग्यावरचे चक्र आणि आपले घर



कापूस वेचून आल्यावर हाती पडलेली मजुरीची नाणी आपण मोजून घेतो. त्या नाण्यांवर सिंह असतात. शाळेत आपली मुले तिरंग्याला सलामी देतात. त्यावर चक्र असते. हे सिंह आणि हे चक्र कुठून आले, हे आपण मुलांना सांगतो काय?

ते सारनाथहून आले. तथागतांनी जिथे पहिला उपदेश केला, तिथे सम्राट अशोकाने स्तंभ उभारला. त्याचे सिंहशीर्ष १९०५ साली उत्खननात सापडले. २२ जुलै १९४७ रोजी घटना समितीने चक्र असलेला तिरंगा स्वीकारला. ध्वज ठरविणाऱ्या समितीत बाबासाहेब होते. २६ जानेवारी १९५० ला सिंह राजमुद्रा झाले.

देश नुसत्या नकाशाने बनत नाही. तो कोणाच्या कथा सांगतो आणि कोणाच्या गाळतो, यावर त्यात कोण आपला व कोण परका हे ठरते. पुराणांनी राजांच्या यादीत अशोकाचे नाव तेवढे ठेवले, काम मात्र विसरले. १८३७ च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मी अक्षरे लावली आणि शिळा बोलू लागल्या. कलिंगच्या संहाराचे दुःख राजाने स्वतः कोरून ठेवले होते.

बाबासाहेबांनीही आपल्याला कथा नव्याने वाचायला शिकविले. दसऱ्याच्या दिवशी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, त्यांनी धम्मदीक्षा दिली. तो दिवस आपण अशोक विजयादशमी म्हणून पाळतो. नागपूरच का, याचे उत्तर त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या भाषणात दिले. पुराणांनी ज्या नागांना वैरी ठरविले, ते त्यांच्या मते धम्म पसरविणारी माणसे होती, आपले पूर्वज होते. म्हणून या देशात आपण उपरे नाही.

पण चिन्ह मिळाले म्हणजे काम संपले, असे आम्ही मानीत नाही. तिरंग्यावर धम्माचे चक्र असूनही जात गेलेली नाही. आणि आपल्या घरचे काय? विहारावर पंचशील ध्वज फडकतो, खाली आठवड्याची मजुरी दारूत जाते. यवतमाळ जिल्ह्यातल्या बायांनी दारूबंदीसाठी मोर्चे काढले. पाचवे शील त्यांनी रस्त्यावर आणले, असे आम्ही म्हणू. ध्वजाचा मान त्यांनी राखला.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर मुलांना चक्राचे आरे मोजायला लावा. ते चोवीस आहेत. मग सारनाथची गोष्ट सांगा. आणि ती सांगणाऱ्या बापाच्या तोंडाला दारूचा वास नसावा, एवढे जपा.

जय भीम!