विश्लेषण : आयटीतील ‘अजाइल’ पद्धत आली कुठून?

गणपतीला राजापुरात आलेला आयटीतला चाकरमानी रजेवर नसेल, तर सकाळी लॅपटॉप उघडून ‘स्टँड-अप’ बैठकीला हजर राहतो. काल काय केले, आज काय करणार, काम कुठे अडले? हे तीन प्रश्न आणि दोन आठवड्यांचा ‘स्प्रिंट’ ही ‘अजाइल’ची ओळख. तिची मुळे मात्र कारखान्यात आहेत.

आधी काम कसे चालायचे?

सर्व गरजा लिहून काढायच्या, मग आराखडा, प्रोग्रॅमिंग आणि शेवटी चाचणी. हीच ‘वॉटरफॉल’ पद्धत. तिचे श्रेय विन्स्टन रॉइस यांच्या १९७० च्या शोधनिबंधाला दिले जाते. प्रत्यक्षात या क्रमात धोका आहे, असे त्यांनीच त्यात बजावले होते. चूक शेवटी सापडली, तर दुरुस्ती महागात पडते.

प्रभाव कोणाचे?

टोयोटाने कारखान्यात अनावश्यक साठा टाळण्यासाठी ‘कानबान’ कार्डे वापरली. १९८६ मध्ये हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका यांनी होंडा, कॅनन आदी कंपन्यांतील गटांची तुलना रग्बी संघाशी केली. त्यातूनच जेफ सदरलँड आणि केन श्वाबर यांच्या ‘स्क्रम’ला नाव मिळाले. केंट बेक यांच्या ‘एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग’ने सततच्या चाचणीवर भर दिला. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील युटा राज्यात १७ जणांनी या विचारांचा जाहीरनामा काढला. कागदपत्रांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर आणि ठरलेल्या योजनेपेक्षा बदलाला प्रतिसाद महत्त्वाचा, हे त्याचे सूत्र.

भारतात अडचण कुठे?

नव्वदच्या दशकात भारतीय कंपन्यांनी ‘सीएमएम’ प्रमाणपत्रांतून, म्हणजे लेखी प्रक्रियेतून, विश्वास कमावला. परदेशी ग्राहकाशी करार करताना किंमत आणि मुदत आधीच ठरली असेल, तर बदलाला जागा उरत नाही. मग स्टँड-अप ही रोजची हजेरी होते आणि स्प्रिंट ही दर पंधरवड्याची डेडलाइन.

प्रत्येक कामाला चालते का?

नाही. राजापूर रोड स्थानकावरून जाणारी कोकण रेल्वे टप्प्याटप्प्याने सुरू होत १९९८ मध्ये पूर्ण झाली, पण बोगद्याची दिशा दर पंधरा दिवसांनी बदलता येत नाही. सॉफ्टवेअर बदलणे तुलनेने स्वस्त, म्हणून तिथे ही पद्धत रुजली. आपल्या कार्यालयात खरे अजाइल आहे का, हे ओळखायला एकच प्रश्न पुरेसा आहे : ‘काम अडले’ असे सांगितल्यावर योजना बदलते, की फक्त कामाचे तास वाढतात?