मधुचंद्र कोणाच्या ध्वजाखाली?

लग्नसराईचे दिवस आले की वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत आणि हातातल्या फोनवर एक चित्र वारंवार दिसू लागते. पांढरेशुभ्र जहाज, निळे पाणी, कठड्याला टेकून उभे असलेले नवदांपत्य, आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘एकांत’ हा शब्द. आमच्या मध्यमवर्गाचा मधुचंद्र एकेकाळी माथेरान-महाबळेश्वरला होत असे. पुढे तो उटीला आणि काश्मीरला गेला. आता तो मुंबईहून गोव्याला वा लक्षद्वीपला, सिंगापूरहून मलाक्काच्या सामुद्रधुनीत, आणि ऐपत असल्यास थेट भूमध्य समुद्रात जलविहाराला निघाला आहे. बेळगाव असो, इंदूर असो वा मडगाव असो, लग्नाच्या खर्चाच्या यादीत मंडप आणि दागिने यांच्या खाली ‘क्रूझ’ ही नवी बाब मांडली जाऊ लागली आहे.

या जलविहाराविरुद्ध माझी फिर्याद आहे. ती अशी की, नवदांपत्य ज्या जहाजावर पाऊल ठेवते त्या जहाजावर त्याला आपल्या कायद्याचे छत्र बव्हंशी किनाऱ्यावरच ठेवून जावे लागते. आणि तेथे जो एकांत त्याला विकला जातो, तो दुसऱ्या एखाद्या दांपत्याच्या विरहावर उभा असतो. या दोन्ही गोष्टींचा जाहिरातीत उल्लेख नसतो.

प्रथम एक गैरसमज दूर करतो. मधुचंद्र हा शब्द इंग्रजीवरून घडविलेला, रिवाजही तिकडचा. त्यापेक्षा जोडप्याने मंगेशीला, शांतादुर्गेला किंवा जेजुरीला जाऊन यावे हेच बरे, असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीत मी बसत नाही. कुलदेवतेच्या त्या यात्रेत सासूसासरे, आत्या, दीर, नणंदा असा सारा लवाजमा असे, आणि नव्या सुनेला नवऱ्याशी चार वाक्ये बोलायला देवळामागची सावलीही मिळत नसे. ज्यांना जन्म एकत्र काढायचा आहे त्यांना आठ दिवस एकमेकांची ओळख करून घेऊ देणे ही नव्या काळाने केलेली चांगलीच गोष्ट आहे. समुद्राचेही मला वावडे नाही. समुद्रगमन कलिवर्ज्य ठरवून परतणाऱ्यांना प्रायश्चित्ते सांगणाऱ्या शास्त्रीमंडळींशी आपले पणजोबा पुरेसे झगडले. आनंदीबाई जोशी १८८३ साली पतीला मागे ठेवून कलकत्त्याहून अमेरिकेच्या वाटेला लागल्या. तो वाद निकालात निघाला आहे आणि तो पुन्हा उकरून काढण्यात अर्थ नाही. खर्चाबद्दल म्हणावे, तर ज्याचे पैसे त्याचा अधिकार. माझी तक्रार या तिन्हींहून निराळी आहे.

एकांताची गोष्ट थोडक्यात आटोपतो. जानेवारी २०२४ मध्ये प्रवासाला निघालेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजावर पूर्ण भरतीच्या वेळी सुमारे ७,६०० प्रवासी आणि २,३५० कर्मचारी असतात. म्हणजे दहा हजारांचे एक गाव झाले. त्या गावात नवदांपत्याच्या वाट्याला एक खोली येते, आणि ती पुष्कळदा खिडकीवाचून. यालाच एकांत म्हणायचे असेल तर तो गिरगावच्या चाळीतही मिळत असे, आणि पुष्कळच स्वस्तात.

खरा प्रश्न ध्वजाचा आहे. सामान्य प्रवाशाला जहाजाचा ध्वज म्हणजे शोभेची वस्तू वाटते. १९८२ च्या समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे मात्र खुल्या समुद्रात त्या जहाजावर, तुरळक अपवाद सोडले तर, ध्वज ज्या राष्ट्राचा त्याचाच अधिकार चालतो. जहाज आणि ध्वजाचे राष्ट्र यांत खराखुरा संबंध असला पाहिजे, असेही त्याच करारात लिहिले आहे. प्रत्यक्षात मोठ्या विहारनौका बहामाज, पनामा, बर्म्युडा, माल्टा येथे नोंदलेल्या असतात. मालक एका देशात, कंपनीची नोंदणी दुसऱ्या देशात, ध्वज तिसऱ्या देशाचा, असा हा संसार असतो. कर, मजुरी आणि जबाबदारी जेथे हलकी, तेथे जहाजाचे माहेर मानायचे, ही त्यामागची युक्ती आहे.

याचा अर्थ काय होतो तो एका घटनेवरून पाहावा. जुलै २००५ मध्ये एक अमेरिकन जोडपे मधुचंद्रासाठीच ‘ब्रिलियन्स ऑफ द सीज’ या जहाजावर होते. ग्रीसमधील मिकोनोस बेटाहून तुर्कस्तानातील कुशादासीला जाताना रात्री नवरा नाहीसा झाला. सकाळी खालच्या छतावर रक्ताचा डाग आढळला. नाहीसा झालेला माणूस अमेरिकेचा, जहाज बहामाजच्या ध्वजाचे, कंपनी लायबेरियात नोंदलेली आणि फ्लोरिडातून चालणारी, बंदर तुर्कस्तानचे! तुर्की पोलिसांनी काही तास चौकशी केली आणि ठरल्या वेळापत्रकाप्रमाणे जहाज पुढे निघाले. त्या मृत्यूबद्दल कोणावरही खटला उभा राहिला नाही. अशा प्रकरणांमुळे अमेरिकेच्या काँग्रेसने २०१० साली कायदा करून आपल्या बंदरांत प्रवासी घेणाऱ्या जहाजांना ४२ इंच उंचीचे कठडे, दारांना बाहेर पाहण्याची छिद्रे आणि गंभीर गुन्ह्यांची वर्दी या गोष्टी सक्तीच्या केल्या.

आता आपल्या घरचे पाहू. १ जुलै २०२४ पासून लागू असलेली भारतीय न्याय संहिता भारताबाहेर दोन प्रसंगी पाठीशी येते: गुन्हा करणारा भारतीय नागरिक असेल तर, किंवा गुन्हा भारतात नोंदलेल्या जहाजावर घडला असेल तर. संगणकावरील हल्ल्यांची बाब वेगळी. परकी ध्वजाच्या जहाजावर, आपल्या सागरी हद्दीच्या पलीकडे, एखाद्या परदेशी माणसाने आपल्या मुलीच्या अंगावर हात टाकला, तर ही संहिता तेथे सरळ पोहोचत नाही. नवऱ्या मुलाच्या बापाने जहाजातील भोजनाची यादी तपासली असेल. ध्वज कोणाचा हे त्याने कधी विचारले आहे काय?

या ठिकाणी जुन्या कोकण किनाऱ्याची आठवण करणे अस्थानी होणार नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. त्या काळच्या बोटी सुरक्षित होत्या असे कोणीच म्हणणार नाही. परंतु ‘रामदास’च्या मृतांच्या नातलगांना, जाब विचारायला कोणाच्या दारी जावे हा प्रश्न पडला नव्हता. बोट चालवणारे मुंबईचे, बंदर मुंबईचे, न्यायालयही मुंबईचे. आज बोट अधिक मजबूत आहे. पण जाब विचारण्याचे दार मात्र समुद्रापलीकडे गेले आहे.

ते दार किती दूर नेता येते हे तिकिटाच्या अटींत लिहिलेले असते. या बाबतीत ‘कार्निव्हल क्रूझ लाइन्स विरुद्ध शूट’ हा अमेरिकन सर्वोच्च न्यायालयाचा १९९१ चा निर्णय प्रत्येक नवदांपत्याने वाचावा असा आहे. वॉशिंग्टन राज्यातील एका जोडप्याने तिकिटे काढली. मेक्सिकोच्या किनाऱ्यानजीक बाई जहाजावर घसरून पडली. त्यांनी आपल्या घराजवळच्या न्यायालयात दावा लावला, तेव्हा कंपनीने तिकिटावरचे बारीक टाइपातले कलम पुढे केले: दावा फ्लोरिडातच चालेल. पैसे भरल्यानंतर हाती पडलेल्या आणि वाटाघाटीला जागाच नसलेल्या त्या कलमाला सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी मान्यता दिली. अमेरिकेच्या नागरिकाची अमेरिकेतच ही गत, तर हुबळीच्या किंवा बडोद्याच्या जोडप्याने मायामीत वा लंडनमध्ये वकील कोठून शोधायचा?

आमचा कायदा येथे अगदीच निःशस्त्र नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अन्याय्य करार’ ही संज्ञा प्रथमच व्याख्येत आणली, अशा कराराविरुद्ध राज्य व राष्ट्रीय आयोगांकडे दाद ठेवली, आणि तक्रारदाराला आपण राहतो त्या ठिकाणच्या आयोगाकडे जाण्याची मुभा दिली. परंतु हुकूमनामा मिळवणे वेगळे आणि त्याची बजावणी करणे वेगळे, हे कोर्टाची पायरी चढलेल्या कोणालाही सांगायला नको. ज्या कंपनीची येथे इमारत नाही, पेढी नाही, जहाजही आठवड्यात निघून जाते, तिच्यावर जप्ती कशावर आणायची?

फिर्यादीचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि या मासिकाच्या वाचकांना तो अधिक जवळचाही आहे. नवदांपत्याच्या खोलीत सकाळ-संध्याकाळ जो माणूस चादरी बदलतो, टॉवेलाचा हंस करून पलंगावर ठेवतो, तो पुष्कळदा आपलाच असतो. सासष्टीत आणि बारदेशात ज्या घरातले कोणी ना कोणी ‘बोटीर’ गेलेले नाही असे घर शोधावे लागते. तारवटी हा शब्द गोव्यात एक व्यवसाय सांगतो आणि एक जीवनपद्धतीही. बोटीची वाट पाहणाऱ्या या तारवट्यांसाठी गावोगावच्या लोकांनी मुंबईत धोबीतलावाच्या आसपास कुडी उभारल्या. कोकणातील मुसलमान खलाशांच्याही पिढ्यान्‌पिढ्या परदेशी आगबोटींवर गेल्या.

या माणसाचे लग्न दोन करारांच्या मधल्या सुट्टीत होते. करार बहुधा सहा ते नऊ महिन्यांचा, सुट्टी दोन-तीन महिन्यांची. लग्नाची तारीख चर्चमध्ये किंवा पंचांगात पाहण्याआधी जहाजाच्या कागदात पाहिली जाते. हळद वा रोस उतरते न उतरते तोच तो निघतो, आणि घरी राहते ती त्याची नवी बायको. तो खालच्या मजल्यावर, पुष्कळदा पाण्याच्या पातळीखाली, दुसऱ्याबरोबर वाटून घेतलेल्या खोलीत झोपतो. २००६ चा सागरी कामगार करार २०१३ साली अमलात आला आणि २०१५ मध्ये भारताने तो स्वीकारला. त्यातील कामाच्या कमाल तासांची मर्यादा चोवीस तासांत चौदा आणि आठवड्यात बहात्तर अशी आहे. बहात्तर तास ही पिळवणूक थांबवण्यासाठी घातलेली मर्यादा! किनाऱ्यावरच्या कारखान्याला आमचा कायदा सामान्यतः अठ्ठेचाळीसांवर थांबवत आला आहे.

फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात ‘डायमंड प्रिन्सेस’ जहाज रोखले गेले तेव्हा सुमारे ३,७०० माणसे त्यावर होती आणि सातशेंहून अधिकांना करोनाची लागण झाली. प्रवाशांना खोल्यांत बंद राहण्याची सूचना होती. त्यांच्या दारी जेवण पोहोचवणारे कर्मचारी मात्र वाटून घेतलेल्या खोल्यांत राहून काम करीत होते, आणि त्यांत शंभराहून अधिक भारतीय होते. एप्रिलमध्ये ‘मारेला डिस्कव्हरी’वरील शंभराहून अधिक भारतीय कर्मचारी, त्यांत कित्येक गोमंतकीय, आपल्याच मुंबई बंदरासमोर ताटकळले, त्यांना उतरण्याची परवानगी मिळाली ती २३ तारखेला. प्रवासी त्याआधीच उतरून गेले होते.

आणि या सेवेचा मोबदला? पुष्कळ कंपन्या प्रत्येक प्रवाशाच्या बिलात सेवकांसाठी रोजची काही रक्कम लावतात आणि त्यावर मजुरीचा काही भाग भागवतात. प्रवाशाने काउंटरवर जाऊन सांगितले तर ती पुष्कळदा काढूनही टाकली जाते. तशी ती काढून घेऊन ‘इतके वाचवले’ म्हणून घरी आल्यावर फुशारकीने सांगणारी मंडळी मी पाहिली आहेत. लग्नात घोड्यावर, फटाक्यांवर आणि वाजंत्र्यांवर लाखांनी उधळणाऱ्या हातांनी चादर बदलणाऱ्याचे आठ दिवसांचे पैसे कापावेत, याला काटकसर म्हणत नाहीत.

यावर दोन उत्तरे येतील. एक असे की, तारवटी स्वखुशीने जातो, त्याच्या कमाईवर गोव्यात घरे उभी राहिली, मुले शिकली. खरे आहे, आणि त्याचा उपमर्द करण्याचा माझा हेतू नाही. पण गरजवंताची संमती ही मालकाच्या जबाबदारीतून सुटका नव्हे; हे तत्त्व गिरणी कामगारांच्या लढ्यातून आपण कधीच मान्य केले आहे. दुसरे असे की, प्रवासी गेले नाहीत तर त्याच तारवट्याची नोकरी जाईल. म्हणूनच मी बहिष्कार सुचवीत नाही. जावे, पण गिऱ्हाईक म्हणून डोळे उघडे ठेवून जावे.

सरकारकडेही एक मागणी आहे. परकी ध्वजाच्या विहारनौकांना आपल्या किनाऱ्यावर प्रवासी नेण्याची सवलत सरकारने दिली. २०२५ मध्ये संसदेने १९५८ च्या व्यापारी नौवहन कायद्याच्या जागी नवा कायदाही संमत केला. मग सवलतीच्या बदल्यात दोन अटी घालायला कोणती अडचण आहे? भारतात विकलेल्या तिकिटावरील वाद भारतीय न्यायालयात चालेल आणि त्यासाठी कंपनी येथे तारण ठेवील, ही एक. भारतीय बंदरातून निघणाऱ्या जहाजावरील भारतीय कर्मचाऱ्याचे तास आणि वेतन आपला अधिकारी तपासील, ही दुसरी. जो किनारा आपला आहे त्याच्या वापराची किंमत मागणे हा उद्धटपणा होत नाही.

तोपर्यंत मुलामुलींच्या आईबापांनी निदान इतके करावे. पैसे भरण्यापूर्वी जहाजाचा ध्वज विचारावा आणि तिकिटाच्या अटी मागवून न्यायक्षेत्राचे कलम वाचावे. आणि सेवकांसाठी लावलेली रक्कम बिलातून काढू नये, एवढे नव्या जोडप्याला निघतानाच बजावून ठेवावे.